जतन झाले म्हणजे कुठे झाले?

मे महिन्यात दुपार कलली, की नागपूरचे आभाळ अचानक भरून येते, वावटळ सुटते आणि लाइन जाते. हे आपल्याला काही नवे नाही. अशा वेळी नंदनवनातल्या एखाद्या टायपिंगच्या दुकानात कोणाचा तरी अर्ज संगणकावर चढत असतो. शिष्यवृत्तीचा असेल, वारसनोंदीचा असेल. टायपिस्ट ‘सेव्ह’ची कळ दाबतो, पडद्यावर सारे ठीक दिसते, आणि पुढच्याच क्षणी दुकान अंधारात बुडते. अर्ज राहिला की गेला? दुकानदार म्हणेल, “सेव्ह केलं ना जी, मग आहेच.” गिऱ्हाईक म्हणेल, “लाइनच गेली, आता काय राहते?” आणि नंदनवनातल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाचा एखादा विद्यार्थी तिथे उभा असला, तर तो विचारील, “पान मेमरीतच होतं, की डिस्कवर पोचलं होतं?”

तिघांत नेमका प्रश्न विद्यार्थ्याचा. कारण संगणक जेव्हा ‘जतन झाले’ असे म्हणतो, तेव्हा ते कुठे झाले, हे तो आपण होऊन सांगत नाही. आपला सातबारा, आपली गुणपत्रिका, बँकेतले खाते, दवाखान्यातला तपासणीचा अहवाल, हे सारे आता याच यंत्रांच्या हवाली आहे. म्हणून हा ‘कुठे’ काय आहे, ते थोडे समजून घेऊ.

संगणकाला वस्तू ठेवायला मुख्यतः दोन जागा असतात. एक स्मृती, म्हणजे मेमरी. दुसरी साठवण, म्हणजे डिस्क. स्मृती चपळ, पण वीज गेली की कोरी होते. साठवण मंद, पण वीज गेली तरी तिच्यावरचे तिच्यावर राहते. मंद म्हणजे किती मंद? स्मृतीतून काही उचलायला ढोबळमानाने सेकंदाचा एक कोटीवा हिस्सा लागतो. आजच्या चांगल्या घन डिस्कला, जिला एसएसडी म्हणतात, सेकंदाचा दहा हजारावा हिस्सा. आणि जुन्या फिरत्या तबकडीच्या डिस्कला शंभरावा हिस्सा. हे आकडे कानाला सारखेच बारीक वाटतात, म्हणून ते माणसाच्या मापात आणू. स्मृतीतून कागद काढायला एक मिनिट लागते असे धरा. तर घन डिस्कमधून तो यायला जवळजवळ १७ तास लागतील, आणि फिरत्या डिस्कमधून यायला ६९ दिवस! एवढे अंतर असल्यावर प्रत्येक अक्षरासाठी डिस्कपर्यंत हेलपाटा घालणारे यंत्र कोणाच्याच कामाचे नाही. म्हणून मधे एक कारभारी लागतो.

या कारभाऱ्याची गरज कशी उत्पन्न झाली, ते पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हे गणकयंत्र १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाले. आपल्या देशात घडवलेले ते पहिल्या काही गणकयंत्रांपैकी एक. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती, आणि तीत प्रत्येकी ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. अंक म्हणजे शून्य किंवा एक. आजच्या हिशोबाने ही सगळी स्मृती भरते १०,२४० बाइट. एवढ्याशा जागेत काम बसवायचे, तर कोणती वस्तू कुठे ठेवायची, हे कार्यक्रम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागे. तो शास्त्रज्ञही असे आणि कोठीवालाही असे.

याच सुमारास इंग्लंडात, मँचेस्टर विद्यापीठात, टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी ‘ॲटलस’ नावाचे यंत्र बांधत होते. १९६२ च्या डिसेंबरात त्याचे उद्‌घाटन झाले. त्यांनी असा विचार केला, की कोठीचे हे काम माणसाकडे ठेवायचेच कशाला? स्मृतीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्याला ‘पान’ म्हणावे. जे पान हवे, ते फिरत्या ड्रमवरून यंत्रानेच स्मृतीत आणावे. जे नको, ते यंत्रानेच परत न्यावे. लिहिणाऱ्याला मात्र वाटावे, की आपल्यापुढे एकच मोठी, अखंड स्मृती पसरलेली आहे. ॲटलसच्या स्मृतीत अशी ३२ पाने होती आणि ड्रमवर १९२. एवढ्यावर त्यांनी हा खेळ मांडला, आणि आज आपल्या खिशातला फोनसुद्धा त्याच तत्त्वावर चालतो.

आजचे रूढ पान ४,०९६ बाइटांचे असते. काही यंत्रांत ते मोठेही असते. ॲपलच्या नव्या यंत्रांत ते १६ किलोबाइटांचे आहे. पण ४,०९६ हे आपले सर्वसाधारण माप. म्हणजे टिफ्रॅकची सगळी स्मृती आज अवघ्या अडीच पानांत बसली असती! या पानावर मराठी किती मावते? युनिकोडच्या रूढ लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, अनुस्वार ही निराळी चिन्हे मोजायची. ‘नंदनवन’ची चिन्हे ६, म्हणून बाइट १८. ‘नागपूर’चेही तितकेच. असा हिशोब करता एका पानावर १,३६५ चिन्हे बसतात. म्हणजे साधारण एका अर्जाचा मजकूर.

आता ८ गिगाबाइट स्मृतीचा साधा संगणक घ्या. त्यात २० लाख ९७ हजार १५२ पाने झाली. इतक्या पानांचा हिशोब ठेवणारा कारभारी म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. त्याला इंग्रजीत ‘कर्नेल’ म्हणतात. बदाम फोडल्यावर आत जो गर निघतो, तो कर्नेल. फौजेतल्या कर्नलसाहेबांशी त्याचे नाते नाही, हुकूम जरी दोघेही सोडत असले तरी. लिनक्स नावाचा जो गाभा जगभरच्या सर्व्हरांत आणि अँड्रॉइड फोनांत आहे, तो सामान्यतः प्रत्येक पानामागे ६४ बाइटांची एक नोंद ठेवतो. हे पान कोणाचे, किती जण ते वापरताहेत, त्यावर काही बदल झाला आहे का, असा मजकूर त्या नोंदीत असतो. आपल्या ८ गिगाबाइटांच्या संगणकात या नोंदींनाच १२८ मेगाबाइट लागतात. स्मृतीचा दीड टक्का नुसत्या बारनिशीत खर्ची पडतो. पण ही बारनिशी हाच साऱ्या कारभाराचा प्राण आहे, हे पुढे कळेल.

हा कारभार समजायला नागपूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन आपल्याकडे भरते. ते बहुधा हिवाळ्यात असते. कागदी फायलींचा जमाना आठवा. मंत्रालय मुंबईला, दप्तर मुंबईला, आणि कारभार काही दिवस नागपूरला. सगळे दप्तर इकडे आणणे अशक्य. म्हणून लागतील अशा फायली पेट्यांत भरून आणायच्या आणि शिबिर कार्यालयाच्या कपाटांत लावायच्या. आपण असे समजू, की नागपूरची कपाटे म्हणजे स्मृती, मुंबईचे दप्तर म्हणजे डिस्क, एकेक फाइल म्हणजे एकेक पान, आणि कपाटांपाशी बारनिशी घेऊन बसलेला कारकून म्हणजे गाभा.

साहेबांनी फाइल मागितली. कारकुनाने बारनिशी पाहिली. कपाटात असली, तर दिली. नसली, तर मुंबईला माणूस पाठवला आणि फाइल येईपर्यंत ते काम बाजूला ठेवून दुसरे काम पुढे घेतले. संगणकात या प्रसंगाला ‘पेज फॉल्ट’ म्हणतात. नावात फॉल्ट आहे, पण त्यात चूक कोणाचीच नाही. हवे ते पान जागेवर नव्हते, एवढेच. असे क्षणाक्षणाला घडत असते.

अमेरिकेतले संशोधक पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये यातले एक मर्म मांडले. ते असे, की कोणतेही काम एका वेळी आपल्या सगळ्या पानांना हात लावत नाही. त्याचा थोड्या पानांचा एक चालू संच असतो. तो संच कपाटात मावला, की काम सुरळीत चालते. मावला नाही, तर मात्र कठीण. आत्ता परत पाठवलेली फाइल पुढच्याच मिनिटाला हवी होते, तिच्यासाठी दुसरी पाठवावी लागते, आणि लगेच तीही हवी होते. सगळा वेळ ने-आण करण्यात जातो आणि काम तसूभर हलत नाही. जुन्या संगणकावर चार-पाच मोठे कार्यक्रम एकदम उघडले, की तो नुसता घरघरत बसतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

मग कपाट भरल्यावर परत पाठवायचे कोणाला? साधा नियम असा, की ज्याला फार वेळ कोणी हात लावला नाही, ते पान काढावे. लिनक्सने यासाठी पुष्कळ वर्षे दोन याद्या ठेवल्या, एक वापरात असलेल्या पानांची, दुसरी पडून असलेल्यांची. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ६.१ या आवृत्तीत पानांच्या वयाप्रमाणे अनेक पिढ्या पाडण्याची निराळी रीतही आली. पण कोणते पान काढायचे, याहून एक मोठा प्रश्न आहे. ते पान स्वच्छ आहे की मळलेले?

स्वच्छ पान म्हणजे ज्याची हुबेहूब प्रत डिस्कवर आहे ते. नागपूरला आणलेल्या फायलीवर कोणी काहीच लिहिले नाही, तर ती येथेच टाकून दिली तरी बिघडत नाही, मूळ प्रत मुंबईला आहेच. पण साहेबांनी तिच्यावर शेरा मारला, तर? आता खरी फाइल नागपुरात आहे, मुंबईची शिळी झाली. अशा पानाला मळलेले पान म्हणतात. ते मुंबईला पोचवल्यावाचून कपाटातून काढणे म्हणजे साहेबांचा शेरा जाळण्यासारखे आहे.

आपल्या टायपिस्टाने ‘सेव्ह’ दाबले तेव्हा काय झाले, ते आता सांगता येईल. त्याच्या कार्यक्रमाने अर्ज गाभ्याच्या हाती दिला. गाभ्याने तो एका पानावर उतरवला, बारनिशीत ‘मळलेले’ अशी खूण केली, आणि उत्तर दिले, “झाले.” एवढ्यात डिस्कला कोणी हातही लावला नव्हता.

ही फसवणूक नव्हे. यात शहाणपण आहे. शेरा मारला रे मारला की एकेक फाइल मुंबईला धाडायची, तर माणसे पुरणार नाहीत. चार शेरे जमू द्यावेत, एकाच फायलीवर तीनदा बदल झाला तर शेवटचाच पाठवावा, एका वाटेवरच्या फायली एका पेटीत घालाव्यात. लिनक्समध्ये रूढ व्यवस्था अशी, की दर ५ सेकंदांनी एक हस्तक उठतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी मळलेली पाने डिस्ककडे रवाना करतो. मोकळ्या करता येण्याजोग्या स्मृतीत मळलेल्या पानांचा वाटा १० टक्क्यांवर गेला, तर वेळ न पाहता रवानगी सुरू होते. तो २० टक्क्यांवर गेला, तर लिहिणाऱ्या कार्यक्रमालाच थांबवून धरतात. हे आकडे बदलता येतात, पण सामान्यतः ते असेच असतात. थोडक्यात सांगायचे, तर आपला वेग हा काही सेकंदांच्या उधारीवर उभा आहे. आणि त्या काही सेकंदांत लाइन गेली, तर उधारी बुडते.

येथवर कारकुनाची बाजू झाली. आता फायली नेणाऱ्या माणसाकडे वळू. त्याला म्हणतात ड्रायव्हर. डिस्का नाना तऱ्हांच्या, नाना कारखान्यांच्या. प्रत्येकीची बोली निराळी. गाभ्याने साऱ्या बोली शिकाव्यात, त्यापेक्षा प्रत्येक बोलीचा एक जाणकार ठेवावा, हे बरे. गाभा म्हणतो, “हे पान अमुक ठिकाणी लिही.” ड्रायव्हर ते त्या डिस्कच्या बोलीत सांगतो. फिरत्या डिस्कचा ड्रायव्हर वेगळा, पेनड्राइव्हचा वेगळा.

पण डिस्क पान घेते कशी, यात एक मेख आहे. प्रत्येक बाइट मुख्य प्रक्रियकाने उचलून द्यायचा, तर त्याचा सारा वेळ हमालीत जाईल. म्हणून डिस्कला सांगतात, “स्मृतीच्या अमुक जागेवरून तू स्वतःच उचल,” किंवा “अमुक जागेवर तू स्वतःच आणून ठेव.” हमाल सरळ गोदामात शिरतो. त्याला पत्ता दिला आहे तो जागेचा, नावाचा नव्हे. चौदावे कपाट, तिसरा खण. आता हमाल वाटेत असताना कारकुनाने कपाटांची फेरमांडणी केली आणि त्या खणात दुसऱ्याचीच फाइल ठेवली, तर? हमाल बिचारा सांगितल्या जागी कागद ठेवील, आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या फायलीत जाईल. यासाठी नियम असा, की हमालाचे काम संपेपर्यंत ते पान टाचून ठेवायचे. ते हलवायचे नाही, काढायचे नाही, कोणाला द्यायचे नाही.

ऐकायला हे सोपे आहे. करायला किती अवघड, ते पाहा. फाइल मुंबईला रवाना झाली, बारनिशीत ‘स्वच्छ’ अशी नोंद पडली, आणि त्यानंतर हमालाने कपाटातल्या प्रतीत आणखी एक कागद सरकवला. बारनिशीला त्याचा पत्ता नाही. प्रत स्वच्छ समजून टाकून दिली, की तो कागद गेला. लिनक्समध्ये हा दोष फार काळ खुपत होता. अखेर २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीत पाने टाचण्याची एक निराळी रीत घातली. नुसते पानाकडे बोट दाखवणारा आणि पानात खरोखर माल उतरवणारा, असे दोन प्रकार तेव्हापासून वेगळे ओळखता येऊ लागले. मग एकेक ड्रायव्हर त्या रीतीवर आणण्याचे काम पुढे चालू राहिले.

दुसरी मेख याहून मौजेची आहे. समजा, कपाटे खचाखच भरली. जागा करायची, तर मळलेल्या फायली मुंबईला पाठवायला हव्यात. पाठवायच्या, तर त्या बांधायला टेबलावर थोडी मोकळी जागा हवी. ती तर नाही! म्हणजे जागा करण्यासाठीच जागा हवी. ड्रायव्हरलाही आपले काम करताना चार गोष्टी टिपून ठेवायला थोडी स्मृती लागतेच. ती त्याने गाभ्याकडे मागितली, आणि गाभा म्हणाला, “आधी तू पाने ने, मग देतो,” तर दोघेही एकमेकांकडे पाहत कायमचे बसतील. म्हणून डिस्कच्या वाटेवर चालणाऱ्यांसाठी थोडी स्मृती आधीच राखून ठेवतात, आणि त्यांनी स्मृती मागितली तर ती देण्यासाठी पुन्हा डिस्ककडे धाव घ्यायची नाही, असा दंडक घालतात. यार्ड कितीही भरले तरी इंजिन फिरवायला एक रूळ मोकळा ठेवतात ना, तसे हे.

बरे, ड्रायव्हरने पान डिस्कला दिले, तरी काम संपले असे समजू नका. डिस्कच्या पोटातही एक छोटी चपळ स्मृती असते. डिस्कसुद्धा पान तिथे घेऊन “मिळाले” असे म्हणते आणि सवडीने पक्क्या जागी उतरवते. काही महागड्या डिस्कांत लाइन गेल्यावर तेवढे उतरवून घेण्यापुरती वीज साठवून ठेवलेली असते. साध्या डिस्कांत ती बहुधा नसते. तेव्हा ‘झाले’ या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत. गाभ्याच्या पानावर झाले, डिस्कच्या पोटात झाले, आणि पक्क्या जागेवर झाले.

ज्या कार्यक्रमाला तिसरे ‘झाले’ हवे, त्याच्यासाठी गाभ्याने एक खास मागणी ठेवली आहे. तिचे नाव ‘एफसिंक’. तिचा अर्थ असा, की “या फायलीची सारी मळलेली पाने डिस्कवर उतरव, डिस्कलाही तिचे पोट रिकामे करायला लाव, आणि मगच मला उत्तर दे.” बँकेचा व्यवहार नोंदवणारे कार्यक्रम याच मागणीवर विसंबतात. जोडीला ते आपल्या इतवारीच्या व्यापाऱ्यांचीच जुनी रीत पाळतात. आधी कीर्द, मग खतावणी. काय करायचे ते आधी रोजच्या कीर्दीत ओळीने लिहायचे, ती पक्की झाली की मग एकेका खात्यात उतरवायचे. मधेच दिवा गेला, तर कीर्द वाचून खतावणी पुन्हा लावता येते. लिनक्सच्या रूढ फाइल-व्यवस्थेत २००१ पासून अशी कीर्द आली.

एवढा बंदोबस्त असताना घात कुठे होतो? २०१८ च्या मार्चमधली हकीकत ऐका. पोस्टग्रेस नावाची एक मोठी माहिती-पेढी आहे. तिची आज्ञावली सर्वांना खुली आहे आणि जगभर तिच्यावर महत्त्वाचे व्यवहार चालतात. तिच्या कामकऱ्यांपैकी क्रेग रिंगर यांनी एक विलक्षण गोष्ट सर्वांपुढे ठेवली. डिस्कवर पान लिहिताना अडचण आली, की लिनक्सचा गाभा एफसिंक मागणाऱ्याला “लिहिता आले नाही” असे सांगे. येथवर ठीक. पण त्याच वेळी तो बारनिशीत त्या पानापुढे ‘स्वच्छ’ अशी खूण करून मोकळा होई. पोस्टग्रेस विचार करी, की एकदा जमले नाही, पुन्हा मागून पाहू. ती पुन्हा एफसिंक मागे. गाभा बारनिशी पाही. मळलेले पान एकही नाही. तो उत्तर देई, “सगळे झाले.” आणि त्या उत्तरावर विश्वासून पोस्टग्रेस कीर्दीतला तेवढा भाग निकालात काढी. पान डिस्कवर नाही आणि कीर्दही गेली. कोणाला काही कळलेसुद्धा नाही. पोस्टग्रेस सुमारे वीस वर्षे एफसिंकवर अशा समजुतीने विसंबली होती.

गाभ्याची बाजूही ऐकली पाहिजे. कोणी पेनड्राइव्ह उपटून नेला, तर त्याच्या वाटेची मळलेली पाने उतरवायची कुठे? ती ‘मळलेली’ म्हणून धरून ठेवली, तर स्मृती अडून राहील आणि हळूहळू सारा संगणक ठप्प होईल. म्हणून नाइलाजाने ‘स्वच्छ’ म्हणून ती सोडून द्यायची. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर होते. पण ‘अडचण आली’ या शब्दाचा दोघांनी दोन तऱ्हांनी अर्थ लावला. शेवटी २०१९ च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसने आपली रीत बदलली. आता एफसिंकने एकदा नकार दिला, की ती पुन्हा विचारत बसत नाही. ती स्वतःला ताबडतोब बंद करून घेते आणि आपली कीर्द वाचून खाती नव्याने लावते. सगळे थांबवणे महाग पडते खरे, पण खोट्या नोंदीवर पुढे चालणे त्याहून महाग.

मला वाटते, या साऱ्या विषयाचे सार या एका हकीकतीत आहे. संगणकात उधारी आहे, आणि ती असायलाच हवी, तिच्यावाचून वेग नाही. पण उधारी चालते ती वहीच्या जोरावर. पान मळलेले असताना ‘स्वच्छ’ लिहिले, की पुढचे सारे शहाणपण वाया जाते. डिस्क बिघडली तर ती निदान कुरकुर करते. खोटी नोंद मुकाट असते.

आता आपल्यासारख्यांनी काय करावे? चार गोष्टी सांगतो. पहिली, पेनड्राइव्ह उपटण्याआधी ‘सुरक्षित काढा’ ही आज्ञा द्यावी. तिचा अर्थच हा, की गाभ्याने मळलेली पाने उतरवून घ्यावीत. विंडोजने २०१८ च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कांसाठी ही उधारी मुळात बंद ठेवली आहे. तरी लिहिणे चालू असताना उपटले तर नुकसान होतेच, म्हणून सवय मोडू नये. दुसरी, जिथे लोकांचे अर्ज भरले जातात, अशा दुकानात यूपीएस असावाच. लाइन गेल्यावर तो पाच-दहा मिनिटे देतो, आणि पाने उतरायला तेवढी पुष्कळ झाली. तिसरी, लिहिताना अडचणीची सूचना आली, तर नुसते ‘पुन्हा’ दाबून ‘झाले’ दिसल्यावर समाधान मानू नये. नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून डोळ्यांनी पाहावी. चौथी, महत्त्वाच्या कागदाची एक प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी. कारभारी कितीही चोख असला, तरी डिस्क ही शेवटी एक वस्तू आहे, आणि वस्तू बिघडते.

आणि जे विद्यार्थी उद्या असे कार्यक्रम लिहिणार आहेत, त्यांना एवढेच सांगणे आहे. एफसिंकचे उत्तर वाचल्यावाचून पुढे जाऊ नका, आणि नकार आला तर तो गिळून टाकू नका. तुमच्या एका पानावर कोणाचा तरी सातबारा असेल. तो माणूस तुम्हांला कधी भेटणार नाही, पण ‘झाले’ हा तुमचा शब्द खरा धरून तो तहसील कचेरीतून घरी गेलेला असेल.